छायाचित्र-संपादन, अंकीय

अंकीय (डिजिटल) छायाचित्राची चौकट, उजेड-छाया, रंग व तपशील यांत संगणकाच्या साहाय्याने हेतुपूर्वक केलेल्या फेरफारांस अंकीय छायाचित्र-संपादन म्हणतात. चित्राच्या कडा छाटणे, फिकेपणा घालविणे व डाग पुसणे येथपासून अनेक छायाचित्रांचे भाग जुळवून नवे चित्र सिद्ध करण्यापर्यंत या तंत्राची व्याप्ती आहे. हे तंत्र संगणकाबरोबर एकाएकी उदयास आले, असा समज आढळतो. तथापि त्यातील बऱ्याच क्रिया छायाचित्रणाच्या अंधाऱ्या खोलीत पूर्वीच रूढ झालेल्या होत्या. संगणकाने त्या जलद व सुलभ केल्या. त्याचबरोबर फेरफारांच्या खुणाही दिसेनाशा केल्या. मूळ चित्रात काय बदलले याचा माग राखणे हा त्यामुळे या विद्येच्या शिक्षणातील महत्त्वाचा प्रश्न ठरला असून विद्यार्थ्याचा कृतिसंग्रह (पोर्टफोलिओ) हे त्या दृष्टीने उपयुक्त साधन आहे.

पूर्वेतिहास : कलोडियन लेपलेली काच निळ्या प्रकाशास अधिक संवेदनशील असे. जमीन नीट उमटेल इतका वेळ प्रकाश दिला, की आकाश कोरे पडे. यावर उपाय म्हणून फ्रेंच छायाचित्रकार ग्यूस्ताव्ह ल ग्रे याने १८५० नंतरच्या दशकात समुद्र व आकाश यांची निगेटिव्ह वेगवेगळी घेऊन ती एकाच कागदावर छापली. ऑस्कर रायलँडर याने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून एक मोठे रूपकात्मक चित्र तयार केले, तर हेन्री पीच रॉबिन्सन याने १८५८ मध्ये पाच निगेटिव्हमधून मरणोन्मुख तरुणीचे चित्र सिद्ध केले. छायाचित्र हे घडलेल्या गोष्टीचा पुरावा, की रचलेली कलाकृती, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

मुंबईचाही या इतिहासाशी संबंध येतो. तेथे १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गातून तयार झालेले नामांकित छायाचित्रकार होत. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील विविध जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतील अनेक चित्रांत व्यक्ती एका निगेटिव्हवरून, तर पार्श्वभूमीचे दृश्य दुसऱ्या निगेटिव्हवरून घेतलेले आहे. लोकजीवनाची नोंद म्हणून पाहिल्या जाणाऱ्या ग्रंथातही चित्रे जुळविलेली होती, ही बाब लक्षणीय आहे.

अंधाऱ्या खोलीतील संस्कार : कागदावर प्रतिमा टाकताना एखाद्या भागावर हाताची किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याची सावली धरली, की तो भाग उजळ राही, त्याच भागास अधिक वेळ प्रकाश दिला, की तो गडद होई. निगेटिव्हची किंचित अस्पष्ट पॉझिटिव्ह प्रत काढून ती मूळ निगेटिव्हशी जोडून छापल्यास कडा अधिक रेखीव दिसत. निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या बुजविणे, चाकूने खरवडणे, छापील प्रतीवर हाताने रंग भरणे हेही नित्याचे होते. आजच्या संपादन-आज्ञावलींत (सॉफ्टवेअर) यांतील कित्येक क्रियांची नावे तशीच राहिली असून काही साधनांची चिन्हेही त्या जुन्या हत्यारांवरून घेतलेली आहेत.

अंकीय प्रतिमेचा उदय : अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श व त्याचे सहकारी यांनी १९५७ मध्ये छायाचित्राचे अंकांत रूपांतर करणारे यंत्र तयार केले. कर्शच्या तान्ह्या मुलाचे पहिले अंकीय चित्र लांबी-रुंदीस प्रत्येकी १७६ चित्रकणांचे (पिक्सेल) होते. १९६४ मध्ये रेंजर-७ या यानाने चंद्राची छायाचित्रे पाठविल्यानंतर त्यांतील दोष संगणकाने दुरुस्त करण्यात आले. स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत बनविलेल्या अंकीय कॅमेऱ्यास एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. प्रत्येक चित्रकणाचा उजेड आता संख्येने व्यक्त होऊ लागला आणि संख्या बदलली की चित्र बदलू लागले.

संपादनाची ही सोय प्रथम मोठ्या मुद्रणसंस्थांच्या महागड्या यंत्रणांपुरती मर्यादित होती. नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर आडवे चित्र उभ्या चौकटीत बसावे म्हणून ईजिप्तमधील पिरॅमिड संगणकाने एकमेकांजवळ सरकविण्यात आले व त्यावर बरीच टीका झाली.

सामान्य वापरात आलेल्या दोन प्रमुख आज्ञावलींचा प्रारंभ विद्यार्थ्यांच्या हातून झाला. टॉमस नॉल हा मिशिगन विद्यापीठाचा डॉक्टरेटचा विद्यार्थी. वडिलांच्या घरगुती अंधाऱ्या खोलीत तो छायाचित्रण शिकला होता. १९८७ मध्ये त्याने संगणकाच्या पडद्यावर करड्या छटा दाखविणारी आज्ञावली लिहिली. चित्रपटांतील दृश्यपरिणामांचे काम करणारा त्याचा भाऊ जॉन याच्या सूचनांनी ती वाढली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने ती ‘फोटोशॉप’ या नावाने विक्रीस आणली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये अभ्यासप्रकल्प म्हणून ‘गिंप’ची रचना सुरू केली, १९९६ मध्ये ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाली. अडोबीने २०१३ मध्ये वर्गणीची पद्धत स्वीकारल्यानंतर, अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अशा मुक्त आज्ञावलींचे महत्त्व वाढले.

शिक्षण व कृतिसंग्रह : १९९४ मध्ये फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘थर’ ही सोय आली. मूळ चित्र तळाशी तसेच ठेवून प्रत्येक फेरफार त्यावरील पारदर्शक थरात करणे त्यामुळे शक्य झाले. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत केलेल्या क्रियांची क्रमवार यादी दिसू लागली व मागील टप्प्यांवर परतता येऊ लागले. चूक करून पाहण्याची व ती सुधारण्याची मुभा मिळाल्याने शिक्षणास याचा मोठा उपयोग झाला. कॅमेऱ्यातील कच्ची नोंद जपणे, चौकट, उजेड व रंग यांचा तोल आधी साधणे, त्यानंतर एखाद्या भागापुरते फेरफार करणे आणि शेवटी चित्रे जुळविणे, हा क्रम शिक्षणास सोयीचा आहे. जेपेग स्वरूपातील चित्र फेरफार करून पुनःपुन्हा साठविल्यास तपशील घटत जातो, हेही विद्यार्थ्यास प्रत्यक्ष कामातूनच उमगते.

अशा कामाची पारख तासाभराच्या लेखी परीक्षेने होत नाही. अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ योजनेतील कला व अभिकल्प या विषयात कृतिसंग्रहावरून गुण दिले जातात. द्विमितीय विभागात छायाचित्रे व अंकीय कृती पाठविता येतात. २०१९-२० पासूनच्या रचनेत निवडक पाच कृतींना ४० टक्के, तर एकाच प्रश्नाचा सातत्याने घेतलेला शोध दाखविणाऱ्या १५ प्रतिमांना ६० टक्के भार आहे. या प्रतिमांत सराव, प्रयोग व पुनर्रचना दिसावी लागते. अपुऱ्या टप्प्यांची चित्रेही त्यांत चालतात. नीटस अंतिम चित्रापेक्षा तेथवरच्या वाटचालीस येथे अधिक मोल दिलेले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा वापर या कामात पुढे पूर्णतः निषिद्ध करण्यात आला.

विश्वासार्हतेचा प्रश्न : २००३ मध्ये इराक युद्धातील दोन छायाचित्रे जुळवून एक केल्याबद्दल लॉस अँजेल्स टाइम्सच्या छायाचित्रकारास नोकरी गमवावी लागली. एका सैनिकाचा हावभाव व निर्वासितांचा जमाव यांचा मेळ अधिक परिणामकारक झाला होता. परंतु तो क्षण प्रत्यक्षात घडलाच नव्हता. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ मध्ये अंतिमपूर्व फेरीतील चित्रे कॅमेऱ्यातील मूळ नोंदींशी ताडून पाहण्यात आली, तेव्हा सु. २० टक्के बाद ठरली. कलाकृतीत जे फेरफार कौशल्य ठरतात, तेच वृत्तछायाचित्रात फसवणूक ठरतात. मर्यादा तंत्राने ठरत नसून चित्राच्या प्रयोजनाने ठरते.

२०२१ मध्ये अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन, चित्राचा उगम व त्यावर झालेले संस्कार यांची नोंद चित्रालाच जोडण्याचे मानक तयार करण्याचे काम हाती घेतले. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये शब्दांनी मागितलेला मजकूर चित्रात भरून देणारी सोय आली व अशा नोंदीची निकड अधिक जाणवू लागली. मूळ प्रत, थर राखलेली प्रत व अंतिम प्रत अशा तिन्ही प्रती कृतिसंग्रहात शेजारीशेजारी ठेवणारा विद्यार्थी हीच शिस्त लहान प्रमाणावर पाळत असतो. त्याने काय बदलले व कोणत्या हेतूने बदलले, हे त्या तीन प्रतींवरून दुसऱ्यास पडताळून पाहता येते.