दोन रत्नागिरीकर आणि एक माफीनामा

१८९७ च्या पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या दोन पुढाऱ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला: माफी मागायची की नाही? एक कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले, दुसरे खुद्द रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक.

गोखले त्या वर्षी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्यात प्लेगच्या झडतीत गोऱ्या सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना आली आणि त्यांनी तो आरोप तिथल्या वृत्तपत्रातून जाहीर केला. २२ जूनला पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सगळे वातावरण तापले. जुलैअखेर गोखले मुंबईत उतरले, तेव्हा पत्रे लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते. त्यांची नावे गोखल्यांनी शेवटपर्यंत फोडली नाहीत. मग ऑगस्टच्या सुरुवातीला माफीनामा छापून आला: गव्हर्नरांची, प्लेग कमिटीची आणि सोल्जरांचीही, बिनशर्त.

'मी माफी मागतो' हे वाक्य कशाचे वर्णन करत नाही. ते उच्चारणे हीच कृती. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत हे मांडले. त्या नजरेने पाहिले, तर गोखल्यांनी एका कागदावर दोन कृती केल्या. सिद्ध न होणारा आरोप मागे घेणे हे त्यांचे कर्तव्यच होते. पण सोल्जरांची क्षमा मागणे म्हणजे अपराध आपलाच, त्यांचा नव्हे, असे कबूल करणे. पुण्याला झोंबले ते हे दुसरे.

टिळकांना २७ जुलैला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. माफी मागून सुटा, असा सल्ला मित्रांनीही दिला. त्यांनी तो धुडकावला आणि १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी पत्करली. माफीचे त्यांना वावडे होते असे मात्र नाही. १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात तिथल्या दिवाणांवरच्या आरोपांना आधार असलेली पत्रे बनावट निघाल्यावर टिळक-आगरकरांनी बिनशर्त माफी मागितली होती. दिवाण बर्वे यांनी केलेला बदनामीचा खटला तरीही चालला आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

म्हणून केवळ माफी मागितली यावरून गोखल्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे आहे. ते पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगनिवारणाच्या कामाला लागले, १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळावर निवडून आले आणि १९०५ मध्ये बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले.