अर्ज, प्रतीक्षा आणि जर्मनी : रत्नागिरी जिल्ह्याच्या ज्ञानयात्रेतील काही पाने

मालगुंड म्हटले की मराठीच्या अभ्यासकाला केशवसुत आठवतात. गणपतीपुळ्यालगतच्या या गावी १८६६ साली जन्मलेला कृष्णाजी केशव दामले हा शिक्षकाचा मुलगा शिक्षणासाठी गावोगाव फिरला आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८८९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाला. पुढचे महाविद्यालयीन शिक्षण त्याच्या वाट्याला आले नाही. मराठीत 'सुनीत' रुजवणारा, आधुनिक मराठी कवितेचा प्रवर्तक म्हणून ज्याला आपण विद्यापीठीय अभ्यासक्रमात अग्रस्थान देतो, तो कवी विद्यापीठाच्या दाराशी मॅट्रिकच्या पायरीपर्यंतच पोहोचला. ही विसंगती आम्ही वर्गात अनेकदा सांगतो आणि पुढच्या कवितेकडे वळतो. प्रस्तुत लेखात तिथेच थोडे थांबावे असा विचार आहे.

थोरांची चरित्रे पदव्यांची नोंद करतात. अमुक साली अमुक विद्यापीठाची पदवी, एवढ्या एका वाक्यात आठ-दहा वर्षे मावतात. त्या पदवीआधी केलेला अर्ज, त्यासाठी जमवलेले दाखले, परक्या भाषेत घोटून लिहिलेला स्वतःचा परिचय आणि निर्णयाची वाट पाहण्यात गेलेले महिने यांना चरित्रात सहसा जागा नसते. वस्तुतः एखाद्या समाजाचा ज्ञानाशी असलेला संबंध पदवीपेक्षा अर्जात अधिक स्पष्ट दिसतो, कारण अर्जात माणूस 'मी कोण' आणि 'मला हे का शिकायचे आहे' या दोन प्रश्नांची उत्तरे देत असतो. रत्नागिरी जिल्ह्याशी नाते असलेल्या काही व्यक्तींनी जर्मनीच्या दिशेने टाकलेली पावले या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

जर्मनीकडे वळण्यापूर्वी घरच्याच एका उदाहरणाची आठवण करून द्यायला हवी. १८७५ साली दापोली तालुक्यातील मुरूडचा धोंडो केशव कर्वे हा सतरा वर्षांचा मुलगा सरकारी नोकरीसाठी आवश्यक असलेल्या परीक्षेला बसण्याकरिता घाट चढून, शंभर मैलांहून अधिक अंतर पायी तुडवून साताऱ्याला गेला. परीक्षा घेणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरवले आणि त्याला परत पाठवले. महर्षी कर्व्यांनी 'आत्मवृत्ता'त सांगितलेला हा प्रसंग शालेय पाठांमुळे आपल्या परिचयाचा आहे. चिकाटीचा धडा म्हणून तो शिकवला जातो. आम्हाला त्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. निर्णय देणाऱ्याने अर्जदाराचे ज्ञान तपासलेच नाही. त्याने चेहरा पाहिला. अर्ज आणि निर्णय यांच्यामध्ये ज्ञानाव्यतिरिक्त किती गोष्टी उभ्या असतात याचा हा पहिला दाखला.

आता जर्मनीचा संबंध कुठून येतो ते पाहू. एकोणिसाव्या शतकात संस्कृतच्या अध्ययनाचे मोठे केंद्र जर्मन विद्यापीठांत होते. बॉन विद्यापीठात आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल १८१८ पासून संस्कृत शिकवू लागला होता. त्या देशातील पहिले संस्कृत अध्यापनपीठ ते हेच. पुढे याच बॉनमध्ये हेर्मान याकोबी आले. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी 'ओरायन' १८९३ साली प्रसिद्ध केले, त्याच सुमारास याकोबींनीही ज्योतिषाच्या आधारे वेदकाळाविषयी टिळकांशी मिळतेजुळते प्रतिपादन स्वतंत्रपणे केले होते. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी जर्मन भाषेचा अभ्यास केला, हेही सर्वज्ञात आहे. त्याआधी, १८८५ साली, ग्योटिंगेन विद्यापीठाने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. भांडारकरांचे शालेय शिक्षण रत्नागिरीच्या सरकारी शाळेत झालेले. त्यांना अर्ज करावा लागला नाही, विद्यापीठानेच त्यांची दखल घेतली.

इथे एक चमत्कारिक स्थिती लक्षात येते. आपल्याकडील माणूस जर्मनीकडे पाहत होता तो गटे किंवा शिलर वाचण्यासाठी क्वचितच. तो पाहत होता ते आपल्याच ग्रंथांच्या अभ्यासासाठी. आपली विद्या तिथे एक शिस्तबद्ध शास्त्र बनली होती, तिचे कोश, तिच्या चिकित्सक आवृत्त्या, तिची नियतकालिके जर्मन भाषेत होती. त्यामुळे जर्मन ही आपल्यासाठी प्रथम साहित्याची भाषा न होता साधनांची भाषा झाली.

या पार्श्वभूमीवर १९२१ सालचा एक अर्ज वाचला पाहिजे. अर्जदार भीमराव रामजी आंबेडकर. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, बालपणाचा काही काळ दापोलीत गेलेला. लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास चालू असताना फेब्रुवारी १९२१ मध्ये त्यांनी प्रशियाच्या शिक्षण मंत्रालयाला पत्र लिहून बॉन विद्यापीठात प्रवेश मागितला. सोबत आपला जीवनवृत्तान्त जोडला. हे लेखन जर्मन भाषेत आहे आणि बाबासाहेबांच्या हस्ताक्षरात आहे. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले होते, प्राथमिक जर्मनचा मात्र एकच. एका प्राथमिक अभ्यासक्रमाच्या शिदोरीवर सुरुवात करून परक्या राज्याच्या मंत्रालयाला त्याच्याच भाषेत अर्ज लिहिण्यापर्यंत मजल मारणे म्हणजे काय, हे भाषा शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

अर्ज मान्य झाला. २९ एप्रिल १९२१ रोजी बॉन विद्यापीठाच्या पटावर त्यांचे नाव दाखल झाले. विषय होता भारतविद्या, म्हणजे ज्या शास्त्राच्या केंद्रस्थानी संस्कृत आहे ते. मुंबईत शाळेत असताना जातीमुळे त्यांना संस्कृत घेऊ दिले गेले नाही व फारसी घ्यावी लागली, ही हकिकत आपण जाणतो. घरच्या शाळेने जी भाषा नाकारली ती शिकण्यासाठी ऱ्हाइनकाठच्या विद्यापीठाने, याकोबी जिथे प्राध्यापक होते त्या विद्यापीठाने, दार उघडले. अर्जाला मिळालेला हा होकार आम्हाला आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील एक अत्यंत बोलका होकार वाटतो. त्यात त्या विद्यापीठाचे औदार्य किती, नियमांचा भाग किती, हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्या नकाराचे स्वरूप त्यातून उघडे पडते, हे महत्त्वाचे.

तथापि ही कथा इथे सुखान्त होत नाही. बाबासाहेबांचे वास्तव्य लंडनमध्येच राहिले, बॉनमध्ये त्यांनी व्याख्यानांसाठी नाव नोंदवले नाही, आणि जानेवारी १९२२ मध्ये विद्यापीठाने त्यांचे नाव पटावरून कमी केले. रत्नागिरीकर चरित्रकार धनंजय कीर यांनी पुढचा भाग नोंदवला आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाला प्रबंध सादर केल्यावर बाबासाहेब बॉनला गेले, तिथे सुमारे तीन महिने राहिले, आणि मार्च १९२३ मध्ये प्रबंधाच्या संदर्भात त्यांना लंडनला परत बोलावण्यात आले. म्हणजे रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाचा निकाल काय लागतो याची प्रतीक्षा त्यांनी जर्मनीत केली, आणि तीही मार्कची किंमत दिवसेंदिवस कोसळत असताना. परीक्षकांच्या आक्षेपांमुळे प्रबंधात फेरफार करावे लागले. पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते भारतात परतले आणि सुधारित प्रबंध इथून पाठवला. लंडनची पदवी मिळाली, बॉनचे अध्ययन राहून गेले.

ते राहून जाण्याची खूण पुढे उमटलेली दिसते. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या शूद्रांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब संस्कृतवर आपले प्रभुत्व नसल्याच्या संभाव्य आक्षेपाची स्वतःच दखल घेतात आणि आपल्या दीर्घ अभ्यासाचा हवाला देऊन त्याला उत्तर देतात. ते वाचताना १९२१ चा अर्ज आठवल्याशिवाय राहत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी या माणसाने ती उणीव भरून काढण्यासाठी रीतसर अर्ज केला होता, आणि तो मंजूरही झाला होता.

दुसरे उदाहरण मुरूडच्या कर्वे घराण्यातलेच, पण निर्णयाचे स्थान वेगळे. विसाच्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला निघाल्या तेव्हा विद्यापीठाच्या होकाराआधी घरचा होकार हवा होता. पती दिनकर स्वतः जर्मनीहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले. त्यांचा पूर्ण पाठिंबा होता. सासरे महर्षी कर्वे, ज्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, त्यांचा मात्र या प्रवासाला विरोध होता. जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन इरावतीबाई गेल्या. साताऱ्यात ज्याचा चेहरा पाहून निर्णय दिला गेला होता तोच पुढे घरात निर्णय देण्याच्या जागी बसला, हा काळाचा खेळ म्हणावा लागेल. महर्षींची थोरवी यामुळे उणावत नाही. निर्णय देणाऱ्याच्या खुर्चीत बसले की समोरचे माणूस अपुरे दिसू लागते, एवढेच यावरून समजावे.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते होते. मानवी कवट्यांच्या असमानतेचा संबंध वंशाशी जोडता येतो का, हे इरावतीबाईंना तपासायचे होते. मोजमापांनी तसा संबंध दाखवला नाही आणि त्यांनी तसे लिहिले. हा प्रबंध १९३१ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. परक्याच्या दारात अर्ज करून आत गेलेल्या विद्यार्थिनीने तिथल्या गुरूच्या गृहीतकाला त्याच्याच भाषेत नकार द्यावा, याहून अर्जाचे सार्थक दुसरे कोणते असणार!

आज परिस्थिती कितपत बदलली आहे? आता आमच्या विद्यार्थ्यांपैकी एखादी मुलगी भारतविद्येऐवजी थेट जर्मनिस्टिक, म्हणजे जर्मन भाषा-साहित्याच्या अभ्यासासाठी अर्ज करू पाहते. ही इच्छा आम्हाला स्वागतार्ह वाटते, कारण जर्मन साहित्य मराठीत बहुतांशी इंग्रजीच्या मध्यस्थीने आले. ब्रेख्तने खानोलकरांच्या 'अजब न्याय वर्तुळाचा' आणि पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा' या रूपांनी मराठी रंगभूमीवर मानाचे स्थान मिळवले, पण मूळ जर्मन वाचून त्याविषयी मराठीत लिहिणारे समीक्षक बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. जर्मन अभ्यासकांनी आपली दैवते, आपल्या लोकपरंपरा मुळातून अभ्यासल्या. ग्युंटर सोन्थायमर यांचे खंडोबाविषयीचे काम आठवावे. आपल्या बाजूने तशी परतफेड फारशी झालेली नाही.

अर्जाची वाट मात्र सोपी नाही. जर्मनिस्टिकच्या एम.ए.साठी बहुतेक ठिकाणी सी-१ पातळीची जर्मन लागते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय अर्जदारांना ए.पी.एस.कडून शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही हे खरे, पण विद्यार्थी-व्हिसासाठी निर्वाहाची रक्कम आधी खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे अकरा लाख रुपयांच्या पुढे, ठरली. आंब्याच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या मालगुंड परिसरातील घराने ही रक्कम कुठून दाखवावी? दार उघडे आहे, पण उंबरठा उंच आहे. त्यात भर म्हणजे पुण्या-मुंबईबाहेर सी-१ पर्यंत जर्मन शिकण्याची सोय दुर्मीळ. आजचा परीक्षक चेहरा पाहत नाही, बँकेचा कागद पाहतो. साताऱ्याचा प्रसंग संपला आहे असे आम्हाला म्हणवत नाही.

अर्जासोबत 'मोटिव्हेशन लेटर' जोडावे लागते आणि 'जर्मनच का?' या प्रश्नापाशी विद्यार्थी अडतात. नमुने पाहून लिहिलेली गुळगुळीत वाक्ये आमच्याकडे तपासायला येतात. त्यांना आम्ही वरील इतिहास सांगतो. ज्याला आपला प्रश्न ठाऊक असतो त्याचा अर्ज वेगळा दिसतो. बाबासाहेबांचा प्रश्न मुंबईच्या वर्गात जन्मला होता. इरावतीबाईंनीही मुंबईत घुऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांचा अभ्यास केला होता आणि माणसांच्या गटांविषयीचे कुतूहल घेऊनच त्या बर्लिनला पोहोचल्या. मालगुंडच्या विद्यार्थ्याने केशवसुतांच्या सुनीताकडून जर्मन सुनीताकडे जाणारा प्रश्न विचारला तर तो कुठल्याही विद्यापीठाला ऐकावासा वाटेल, असा आमचा विश्वास आहे. निर्णय मग होकाराचा असो वा नकाराचा, प्रतीक्षेच्या काळात शिकलेली भाषा कोणी पटावरून कमी करू शकत नाही.

शेवटी एक सूचना. १९२१ चा तो अर्ज आज आपल्याला ठाऊक आहे, कारण पटावरून नाव कमी केलेल्या विद्यार्थ्याचे कागदही बॉन विद्यापीठाने जपून ठेवले. आपल्या महाविद्यालयांत जुने प्रवेश-अर्ज, शिफारसपत्रे, नकाराची उत्तरे रद्दीत जातात. मालगुंडात १९९४ साली कोकण मराठी साहित्य परिषदेच्या पुढाकाराने केशवसुतांचे स्मारक उभे राहिले, तिथे कवितेची स्मृती जपली जाते. अर्जांची स्मृती जपण्याचे काम मात्र अध्यापकांनाच करावे लागेल. यंदा विद्यार्थ्याचे मोटिव्हेशन लेटर तपासून झाले की त्याच्या परवानगीने एक प्रत विभागाच्या कपाटात ठेवावी, आणि पुढे जे उत्तर येईल तेही त्याच फायलीत लावावे. नकार आला असेल तर अगत्याने लावावे.