दूझे, एलेओनोरा
(३ ऑक्टोबर १८५८–२१ एप्रिल १९२४). विख्यात इटालियन अभिनेत्री. जन्म लाँबर्डीतील व्हीजेव्हानो येथे एका फिरत्या नटकुटुंबात. वयाच्या चौथ्या वर्षीच ती रंगमंचावर आली. १८७३ मध्ये व्हेरोना येथे तिने शेक्सपिअरची ज्यूलिएट साकारली. नेपल्स येथे १८७९ साली एमील झोलाच्या तेरेझ राकँ या नाटकातील भूमिकेने तिला खरी कीर्ती लाभली. पुढे चेझारे रॉस्सी याच्या नाटक मंडळीत ती प्रमुख अभिनेत्री झाली व १८८४ मध्ये जोव्हान्नी व्हेर्गाच्या काव्हालेरीआ रुस्तिकाना या नाटकात तिने सांतुझाची भूमिका केली. त्यानंतर स्वतःची नाटक मंडळी स्थापून तिने रशिया, ऑस्ट्रिया, इंग्लंड, अमेरिका इ. देशांचे दौरे केले.

आवेशपूर्ण शब्दफेक आणि ठराविक हावभाव यांवर भर देणारी तत्कालीन अभिनयपद्धती तिने नाकारली. रंगभूषेचा आधार शक्यतो टाळून मौन, दृष्टिक्षेप आणि हातांच्या सूक्ष्म हालचाली यांतून ती भाव प्रकट करी. १८९५ मध्ये लंडन येथे तिने व फ्रेंच अभिनेत्री सारा बेर्नार हिने हेर्मान झूडरमानच्या एकाच नाटकातील माग्दाची भूमिका केली, तेव्हा जॉर्ज बर्नार्ड शॉने दूझेला निःसंदिग्ध कौल दिला.

कवी व नाटककार गाब्रिएले दान्नून्त्स्यो याच्याशी तिचे प्रेमसंबंध जुळले. त्याची काव्यात्म नाटके रंगभूमीवर आणण्यासाठी तिने आपला पैसा आणि लौकिक पणास लावला. परंतु ला चित्ता मोर्ता हे नाटक त्याने प्रथम बेर्नारला दिले आणि इल फुओको (१९००) या कादंबरीत दूझेवरून बेतलेली प्रौढ अभिनेत्री रंगविली. १९०४ च्या सुमारास हे संबंध संपुष्टात आले. इब्सेनची नाटके मात्र तिने अखेरपर्यंत निष्ठेने सादर केली.

१९०९ मध्ये ती निवृत्त झाली. ग्रात्सीआ देलेद्दाच्या कादंबरीवर आधारित चेनेरे (१९१६) या तिच्या एकमेव चित्रपटात तिने अनौरस मुलाच्या आईची भूमिका केली. आर्थिक ओढाताणीमुळे १९२१ मध्ये ती इब्सेनच्या नाटकातून रंगभूमीवर परतली. अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना पिट्सबर्ग येथे न्यूमोनियाने तिचे निधन झाले. तिच्या इच्छेनुसार आझोलो येथे तिचे दफन करण्यात आले.

रंगभूमीवरील अभिनय प्रयोगाबरोबरच लोपतो. दूझेचा आवाज त्या मूकपटात नाही; तथापि शब्दांवाचून भाव व्यक्त करण्याचे तिचे सामर्थ्य त्यात आजही प्रत्ययास येते.