पाठीवरचें बिऱ्हाड आणि सरोवराचा कांठ

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, असें आपल्याकडे म्हणतात, तें बहुधा कींव करण्यासाठीं. ज्याला घर नाहीं, ठाव नाहीं, त्याच्याविषयींचे ते उद्गार. परंतु ज्यांना सुखाचीं घरें आहेत अशींच माणसें आपण होऊन बिऱ्हाड पाठीवर घेतात, मुलेंबाळें आणि कुत्रें बरोबर घेऊन एखाद्या सरोवराच्या कांठीं चार रात्री काढतात, आणि त्यासाठीं वर पैसेही मोजतात, ही गोष्ट गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांतली आहे. इंग्लंडांत तिचा आरंभ झाला आणि अमेरिकेंत ती फोफावली. वरवर पाहतां हा मौजेचा इतिहास. पण कांठाची जमीन किती माणसें आणि किती चाकें सोसूं शकते, आणि त्या कांठावर कोणाला जागा मिळते, हे दोन प्रश्न त्यांत गुंतलेले आहेत.

डॉ. गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारांतून निवृत्त झालेले शल्यवैद्य. मुलांसाठीं साहसकथा लिहिण्यांत त्यांचा हात सराईत होता. जिप्सी लोक घोड्यांच्या गाड्यांत पूर्वींपासून राहत असत. पण केवळ हौसेखातर तसें फिरतें घर मुद्दाम बांधवून घेणारा गृहस्थ म्हणून नांव होतें तें या डॉक्टरांचें. ब्रिस्टॉल येथील कारखान्यांत त्यांनीं आपली 'वाँडरर', म्हणजे 'भटकी', तयार करवून घेतली. वजन सुमारें दोन टन, ओढावयाला दोन घोडे. १८८५ सालीं बर्कशायर परगण्यांतील ट्वायफर्ड गांवाहून निघून ते स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. हा प्रवास सुमारें १,३०० मैलांचा झाला. बरोबर एक गाडीवान होता, एक खाजगी नोकर होता. शिवाय 'हरिकेन बॉब' नांवाचा न्यूफाउंडलंड जातीचा थोरला कुत्रा आणि एक काकाकुवा. नोकर तीनचाकी सायकलीवर बसून पुढें जाई व वाटेंतल्या अडचणींची वर्दी देई. इतक्या लवाजम्यासह साधेपणानें राहण्याची ही तऱ्हा पाहून आज हंसूं येतें खरें. पण कुत्र्यावांचून प्रवास करणें या गृहस्थांना सुचलेंच नसतें. कुत्र्यांवर त्यांनीं पुस्तकें लिहिलेलीं आहेत. घरगाडींत कुत्र्याला घरच्या माणसाची जागा मिळाली ती अशी पहिल्याच पिढींत.

फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' मोटार १९०८ सालीं निघाली आणि नोकर व घोडे बाळगणाराची ही चैन अमेरिकेंतल्या मध्यम स्थितीच्या कुटुंबाच्या आवांक्यांत आली. मोटारीला राहुटी बांधावी, मागें खोक्यांत शिधा भरावा, आणि निघावें. १९१९ सालीं फ्लोरिडांतील टॅम्पा शहराच्या डीसोटो उद्यानांत अशा प्रवाशांनीं आपली संघटना केली व तिला 'टिन कॅन टूरिस्ट्स' असें नांव घेतलें. मोटारीच्या तोंडावरील झांकणाला पत्र्याचा रिकामा डबा डकवलेला दिसला कीं हा आपल्यांतला असें ओळखावयाचें. प्रवासी आले कीं दुकानें चालतात, या हिशेबानें गांवोगांवच्या नगरपालिकांनीं त्यांच्यासाठीं फुकट जागा मोकळ्या केल्या. पण फुकट जागा म्हटली कीं हौशी प्रवाशाबरोबर कामाच्या शोधांत हिंडणारें गरीब कुटुंबही तेथें उतरणार. तें नको म्हणून १९२० नंतरच्या दशकांत पुष्कळ ठिकाणीं मुक्कामाला आकार बसूं लागला. दोघांचें बिऱ्हाड पाठीवरच. एकाचें कौतुक झालें, दुसऱ्याची अडचण वाटली.

अडचण आणखी एक होती, आणि ती लवकर कोणाच्या लक्षांत आली नाहीं. मोटार कोठेंही वळे, झाडाच्या बुंध्याशीं जाऊन उभी राही. पाण्याच्या कांठीं तर सावलीच्या प्रत्येक झाडाखालीं गर्दी. एमिलिओ माइनेके हे अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यांतील वनस्पतिरोगांचे तज्ज्ञ. कॅलिफोर्नियांतील रेडवुड वृक्षांच्या उद्यानांवर प्रवाशांचा काय परिणाम होतो, याचा अहवाल त्यांनीं १९२८ सालीं लिहिला. चाकांनीं व पायांनीं माती दाबली जाऊन घट्ट होते; मग मुळांना हवा पोंचत नाहीं, पाणी मुरत नाहीं. झाड लगेच मरत नाहीं, हीच यांतली फसगत. तें वर्षानुवर्षें झिजतें, आणि ज्यांनीं मारलें ते प्रवासी केव्हांच घरीं गेलेले असतात.

माइनेके यांनीं यावर सांगितलेला उपाय १९३२ सालापासून रूढ होऊं लागला. एकेरी वाहतुकीचा वळणदार रस्ता करावा. त्याला तिरकस फुटणारी आंखूड फांदी प्रत्येक कुटुंबाला द्यावी. त्या फांदीवर मोटार उभी राहील, पुढें जाणार नाहीं, कारण पुढें मोठमोठे दगड किंवा ओंडके पुरलेले. टेबल आणि चूल एकाच जागीं पक्कीं बसवावीं, म्हणजे तुडवली जाणारी जमीन तेवढीच राहील. मंदीच्या दिवसांत, १९३३ पासून १९४२ पर्यंत, बेकार तरुणांच्या सरकारी पथकांनीं उद्यानांतून व रानांतून असे तळ मोठ्या प्रमाणावर बांधले. आजही अमेरिकेंतल्या बहुतेक सरकारी तळांवर तोच वळणाचा रस्ता आणि तीच फांदी दिसते. त्यावर उभी असलेली घरगाडी मात्र आतां चाळीस चाळीस फूट लांब असते.

याच काळांत सरोवरेंही नवीं निर्माण झालीं. टेनेसी नदीच्या खोऱ्यांतील सरकारी योजनेचें पहिलें धरण, नॉरिस, १९३६ सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्यासाठीं सुमारें ३,००० कुटुंबांना उठावें लागलें. थडग्यांतील अस्थीही हालवाव्या लागल्या. ज्या कांठावर सुटीला आलेलें कुटुंब चूल पेटवतें, त्याच्या खालींच कोणाची तरी कायमची चूल बुडालेली आहे. पुढें चिकामॉगा धरणाच्या सरोवरावर टेनेसी राज्यानें बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नांवानें उद्यान केलें, तें केवळ कृष्णवर्णीयांसाठीं; कारण इतर उद्यानांचीं दारें त्यांना बंद होतीं. वर्णभेदाला मनाई करणारा कायदा १९६४ सालीं झाला. तोंपर्यंत दक्षिणेंत कृष्णवर्णीय कुटुंबाला रात्रीचा मुक्काम आधीं विचारून, जपूनच ठरवावा लागे.

जॉन स्टाइनबेक हे कादंबरीकार १९६० च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्क राज्यांतील सॅग हार्बर येथून देश पाहावयाला निघाले. मालमोटारीवर बसवलेल्या खोलीला त्यांनीं डॉन क्विक्झोटच्या घोडीचें 'रोसिनान्ते' हें नांव दिलें होतें. सोबतीला चार्ली हा वयस्क पूडल कुत्रा. मेन राज्यांत एका सरोवराच्या कांठीं कॅनडाहून बटाटे काढावयाला आलेलीं फ्रेंच-भाषी कुटुंबें उतरलीं होतीं. स्टाइनबेक यांनीं जरा अंतरावर गाडी उभी केली आणि चार्लीला मोकळें सोडलें. तो त्या लोकांत गेला. मागोमाग हे गेले, तसदीबद्दल माफी मागितली, ओळख झाली, आणि रात्रीं सारीं माणसें यांच्या गाडींत पेयपानाला आलीं. कुत्रा हा आपला वकील होता, असा त्यांचा अभिप्राय. त्यांच्या पुस्तकांतील सारेच प्रसंग जसेच्या तसे घडले कीं नाहीं, याबद्दल पुढें शंका घेतल्या गेल्या. पण कुत्रें बरोबर घेऊन मुक्काम केलेला कोणीही मनुष्य या प्रसंगावर विश्वास ठेवील. यलोस्टोन उद्यानांत मात्र हाच सौम्य चार्ली अस्वलें पाहून असा कांहीं पिसाळला कीं स्टाइनबेक यांना गाडी परत फिरवावी लागली.

हें पुस्तक प्रसिद्ध झालें त्याच १९६२ सालीं माँटाना राज्यांतील बिलिंग्ज येथें, सिअॅटलच्या जागतिक प्रदर्शनाला जाणाऱ्या प्रवाशांसाठीं, एक खाजगी तळ निघाला. रात्रीला पावणेदोन डॉलर, ऊन पाण्याचें स्नान आणि लहानसें दुकान. त्याच्या शाखा पुढें देशभर पसरल्या आणि कुत्र्यासह येणाऱ्या कुटुंबाला तेथें सवयीनेंच जागा मिळूं लागली.

सरकारी उद्यानांत आज कुत्र्याला सहा फुटांहून लांब दोरी चालत नाहीं, पुष्कळ पायवाटांवर त्याला मज्जावही आहे. घरगाडींतील सांडपाणी टाकींत सांठवून नेमल्या जागींच रितें करावें लागतें. तें सरोवरांत गेलें, शेतांतलें खत वाहून आलें, कीं उन्हाळ्याच्या अखेरीस कोमट पाण्यावर निळसर हिरवा तवंग धरतो. त्यांतलें कांहीं शेवाळ विषारी असतें. माणूस तें पाणी पीत नाहीं. कुत्रें पितें, अंगाला लागलेलें चाटतें, आणि कधीं कधीं कांहीं तासांतच दगावतें. अशा दिवसांत कांठावर फलक लागतो, आणि घरगाडीची पायरी उतरतांच पाण्याकडे धांवणाऱ्या कुत्र्याला मुलांना दोरीनें मागें ओढून धरावें लागतें.