विड्यातील गुण आणि दोष

भोजनोत्तर विडा देणे हा मराठी घरांतील पाहुणचाराचा जुना रिवाज. नागवेलीचे पान, सुपारी, चुना, कात, आणि कित्येकांच्या विड्यात तंबाखूची चिमूट. कर्करोगाच्या भारतीय संशोधनाचा आरंभ बऱ्याच अंशी या विड्यापासूनच झाला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१९४१ साली मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती आली. १९४४ साली त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. रोगाचे मूळ त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तर शोधलेच, पण लोकांच्या चालीरीतींतही शोधले. संघवी, राव आणि खानोलकर यांचा १९५५ सालचा निबंध तंबाखू ओढणे व चघळणे यांचा या रोगाशी असलेला संबंध दाखवून गेला.

१९५२ साली खानोलकरांच्या नेतृत्वाखाली परळलाच कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. तेथे १९८०नंतरच्या दशकात सुमती भिडे, आमोणकर आणि त्यांचे सहकारी यांनी उलट दिशेने विचार केला: विड्यात अपाय करणारे पदार्थ आहेत, तसे उपकारक काही असेल काय? तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्ये दिलेल्या उंदरांना त्यांनी नागवेलीच्या पानाचा अर्क दिला, तेव्हा गाठी होण्याचे प्रमाण घटले. पानातील हायड्रॉक्सीचॅविकॉल आणि लवंगेतही असणारे युजेनॉल या द्रव्यांकडे हा गुण जातो, असे दिसून आले. अर्थात हे उंदरांपुरते खरे; त्यावरून विडेकऱ्यांनी निर्धास्त व्हावे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

वनस्पतीतील अशी द्रव्ये वेगळी काढून गोळीच्या रूपाने द्यावीत, ही कल्पना त्याच काळात जगभर बळावत होती. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर प्रयोग झाला. त्यांपैकी काहींना गाजरादी भाज्यांत आढळणारे बीटा कॅरोटीन रोज २० मिलिग्रॅम देण्यात आले. १९९४ साली निष्कर्ष आला तो धक्कादायक होता. कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक! भाजीपाला भरपूर खाणाऱ्यांत जो रोग कमी दिसे, तो भाजीतले एक द्रव्य वेगळे काढून दिल्याने वाढला होता.

चीनमधील लिनशियान भागाचा अनुभव मात्र निराळा. तेथील लोकांच्या आहारात पोषणद्रव्यांची मोठी उणीव होती. बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र देताच तेथील कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले, असे १९९३ साली प्रसिद्ध झाले. या विरोधाचा उलगडा सेलेनियमच्या कार्यातून थोडाबहुत होतो. पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणाऱ्या एका विकराचा तो घटक आहे. शरीरात तो कमी असेल तर विकर अपुरे पडते. पुरेसा असेल तर वरून घातलेल्या सेलेनियमला करण्यासारखे काम उरत नाही. अमेरिकेत सेलेनियम व ई जीवनसत्त्वाचा पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवरील प्रयोग लाभ न दिसल्याने २००८ साली थांबवावा लागला.

सुपारीची कथा याहून गंभीर आहे. तिच्यात तांबे बरेच असते. तांबे हे शरीराला सूक्ष्म प्रमाणात हवे असणारे खनिज खरे, पण सुपारी सतत चघळली जाते तेव्हा ते तोंडाच्या त्वचेत उतरते, कोलॅजेनचे तंतू एकमेकांना घट्ट जोडणाऱ्या विकराला चेतवते, आणि सुपारीतील अरेकोलीन तंतूंची निर्मितीच वाढवते. त्वचा ताठरते, तोंड उघडेनासे होते, आणि पुढे काहींना कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली फ्रान्समधील लिआँ येथे तज्ज्ञांची बैठक भरवून सुपारीला, तंबाखू नसली तरी, माणसाला कर्करोग करणारा पदार्थ ठरवले. नागवेलीच्या पानाला त्या निर्णयाची झळ लागली नाही. पण विड्यात पान आणि सुपारी यांची जोडी सहसा सुटत नाही.