वेळापूरचे झारेकरी

१. झारेकरी : मागील आवृत्तीत येथे 'खाणीतले मजूर' असा अर्थ दिला होता, तो चूक. वेळापूरच्या (ता. माळशिरस) काळ्या पाषाणात सोने कुठले? मुंबई इलाख्यात ते होते धारवाड जिल्ह्यात, कप्पतगुड्डाच्या ओढ्यांत. तिथले जालगार वाळू धुऊन कण वेचत. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८७४ साली त्या सुवर्णयुक्त खडकांवर लेख लिहिला, पण कोलारसारखी भरभराट तिथे कधी झाली नाही. आपल्याकडचा झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर विकत घेई आणि पाण्यात धुऊन त्यातले कण काढी. खाण म्हणायची तर तीच! भंडारा भागातले सोनझारी मात्र वेगळे. ते नदीनाल्यांची वाळू धूत.