दाण्याची गोष्ट

प्लास्टिकच्या धंद्यात 'दाणा' हा अगदी रोजचा शब्द. बादली असो की टूथब्रश, कारखान्यात ते येतं मसुरीएवढ्या दाण्यांच्या रूपात, गोण्यांत भरून. आता तुम्ही म्हणाल, यात कसला आलाय इतिहास? पण प्लास्टिक घरोघरी पोचलं, त्यात रसायनशास्त्राइतकाच या कापाकापीचाही वाटा आहे असं मला वाटतं.

साच्यात प्लास्टिक दाबून भरण्याच्या यंत्राचं पेटंट अमेरिकेतल्या हायट बंधूंनी १८७२ सालीच घेतलं होतं. तेव्हा माल होता सेल्युलॉइड. १९३३ साली इंग्लंडमध्ये 'आयसीआय'च्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांना अपघातानेच पॉलिथिन सापडलं. पुढे असा माल टनावारी निघू लागला आणि प्रश्न आला: हा चिकट, गरम लगदा दुसऱ्या कारखान्यापर्यंत न्यायचा कसा? भुकटी केली तर उडते, मोठे ढेकळे नीट वितळत नाहीत. यंत्राच्या तोंडात धान्यासारखं सरसर ओतता येईल, असंच काहीतरी हवं होतं.

उत्तरं आपल्या स्वयंपाकघरातलीच वाटावीत अशी आहेत. एक रीत शंकरपाळ्यांची: लाटलेली पट्टी आडवी-उभी कापायची. दुसरी शेवेची: वितळलेलं प्लास्टिक सोऱ्यासारख्या चकतीतून दाबायचं, निघालेल्या दोऱ्या पाण्याच्या टाकीतून नेऊन घट्ट करायच्या आणि फिरत्या पात्यांखाली त्यांचे तुकडे पाडायचे. तिसरीत पातं पाण्याखाली चकतीलाच घासून फिरतं. तिथे तुकडा थिजता थिजता गोलसर होतो.

दाणा झाला आणि प्लास्टिक बनवणारा व त्याच्या वस्तू करणारा वेगळे झाले. एखाद्या गाळ्यात एक यंत्र टाकून, दाण्याच्या चार गोण्या घेऊन कुणीही डबे काढू शकला. धारावीत तर उलट प्रवासही होतो. टाकलेलं प्लास्टिक निवडून, धुऊन, दळून, वितळवून पुन्हा त्याच दोऱ्या आणि तोच दाणा. कचऱ्याला भाव येतो तो त्याचा दाणा झाल्यावर. त्या धुरात उभं राहणाऱ्या माणसांमुळेच तो होतो, हेही विसरू नये.

पण ज्या गुणांसाठी दाणा घडवला, तेच अंगाशी आले. बारीक, हलका, सहज वाहणारा! १९७२ सालीच सरगॅसो समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या कणांबद्दल शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं. २०२१ साली कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' जहाज पेटलं आणि त्यावरचा सुमारे १६८० टन दाणा समुद्रात व किनाऱ्यांवर पसरला. २०२५ च्या मे महिन्यात केरळजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं, तेव्हा तिथल्या वाळूतही दाणे आले. लोक चाळण्या घेऊन ते वेचत होते.

सांडलेले तांदूळ वेचायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कारण त्या दाण्यामागचे कष्ट आपल्याला माहीत असतात. हा दाणा मात्र मातीत रुजत नाही आणि कुजतही नाही. मग तो सांडूच नये म्हणून जपायला नको का?